कोऱ्या कपाळाचा हंगाम

छापखान्यातून पत्रकांचा गठ्ठा घेऊन बाहेर पडले तेव्हा शाई अजून ओली होती. रस्त्यावरून कापसाने भरलेल्या बैलबंड्या सरकी काढायच्या कारखान्याकडे, जिनकडे, चालल्या होत्या आणि हवेत रुईचे बारीक पुंजके तरंगत होते. त्यातला एक वरच्या पत्रकावर येऊन बसला आणि ओल्या अक्षरांना चिकटला. फुंकर मारली, निघेना. नखाने काढायला गेले तर अक्षरच फिसकटलं. अकोल्यात दिवाळीनंतर काहीही छापा, त्यावर थोडा कापूस छापून येतोच.

पत्रकात मी चारच ओळी लिहिल्या होत्या. रविवारी अमरावतीला मुलींचे कबड्डीचे सामने आहेत. सामन्यांआधी खेळाडू भगिनींचं हळदीकुंकू ठेवलं आहे. आमच्या मुली हळदीकुंकवाला येणार नाहीत. मैदानावर येतील.

छापखान्याच्या मालकांनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं होतं. म्हणाले, "ताई, हळदीकुंकवानं काय बिघडते? इतकी चांगली पद्धत हाय. तुमी त्याच्यातही भांडण काढून राहिल्या."

"पद्धत कधीपासूनची?" मी विचारलं.

"पह्यलेपासूनची."

पहिल्यापासूनची नाही. ती पद्धत ज्या दुपारी पडली त्या दुपारी मी तिथे हजर होते. माझ्यामुळेच पडली. हे मी आजवर कुठल्या पत्रकात लिहिलं नाही, कारण चार ओळींत ते बसत नाही. आणि हंगाम असा परत आला की ते नाकातोंडात जातं, या रुईसारखं. खोकून निघत नाही.

आमचं घर तेव्हा अमरावतीला, जिनच्या मागच्या ओळीत. बाबा जिनमध्ये हमाल. दिवाळी झाली की कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे सुरू व्हायचे आणि आमच्या भिंती धडधडायला लागायच्या. मांडणीवरची ताटं दिवसभर एकमेकांवर किणकिणायची. त्या आवाजात आम्ही जेवायचो, अभ्यास करायचो, भांडायचो. रेचे बंद पडले की दचकून जाग यायची. सरकीचा तेलकट वास अंथरुणात, भाकरीत, पुस्तकांत. आणि सगळ्यांच्या डोक्यावर रुई. बाबांच्या, मायच्या, दारातल्या शेळीच्या. हंगामात आमची सगळी ओळ म्हातारी दिसायची.

दीक्षेच्या वर्षी बाबा नागपूरहून परतले तेव्हा मायने कुंकवाचा करंडा आपल्या हाताने उचलून त्यांच्यापुढे ठेवला. कोणी हिसकावून घेतला नाही. तिला ते पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि आरशात पाहणं वेगळं. पुढे कितीतरी वर्षं सकाळी तिचं बोट कपाळाकडे जायचं आणि अर्ध्यातून पदराकडे वळायचं. बाजारात वांगी विकणारी बाई तिला दबक्या आवाजात विचारायची, "काहून व बाई, मालक कधी गेले?"

माय म्हणायची, "सकायीच गेले. ड्युटीवर." आणि किडकी वांगी बाजूला काढत राहायची.

तेव्हा आम्ही पोट धरून हसायचो. आता हसू येत नाही. कपाळ कोरं ठेवणाऱ्या बाईला या गावांनी एकच जागा नेमून ठेवली होती, नवरा मेल्याची. दुसरी एक जागा आहे हे मला त्या हिवाळ्यात कळलं.

दीक्षेनंतरचं ते पाचवं-सहावं वर्ष, मी मॅट्रिकच्या वर्गात होते. पावसाळ्यात मला मुदतीचा ताप आला. केस झडले, उरलेसुरले मायने कातरीने उतरवले. दिवाळीपर्यंत ते कानाच्या पाळीला टेकले होते. उंची बाबांची, खांदे बाबांचे. हातात बांगडी नाही, कारण काचेची बांगडी घालून पकड करता येत नाही. बरोबरीच्या मुली महिन्यातून काही दिवस मैदानाच्या कडेला बसून राहायच्या. माझ्यावर ती वेळ अजून आलेली नव्हती. माय म्हणायची, "येईन तुले. तापानं रगत आटलं तुयं." मला घाई नव्हती. माझा एकही दिवस चुकत नव्हता, याचा उलट आनंद होता.

मैदानावर मी कोण होते, असं मला आज सभांमधून विचारतात. बायांनी खेळावं की नाही यावर बोलायला मला बोलावतात आणि मग कोणीतरी उठून विचारतं, खेळताना तुम्हाला बाई असल्याचं वाटतं का. खरं उत्तर असं की काहीच वाटत नव्हतं. चुन्याची मधली रेषा ओलांडताना मी एक श्वास आत ओढायची आणि त्या श्वासाच्या पलीकडे माझं काही उरायचं नाही. खांदे माझे की बाबांचे, केस किती, छाती किती, यातलं काही रेषेपलीकडे यायचं नाही. समोर सात जणींचे पाय असायचे आणि तोंडात कबड्डी कबड्डी. तो आवाज कसा येतो हे मी कधी ऐकलं नव्हतं. आपला आवाज आपण कशाला ऐकायचा? तो दम मोजायला असतो.

तो निर्धास्तपणा किती मोठा होता, हे तो गेल्यावर कळलं.

सामने अकोल्याला होते, एका जिनच्या आवारात. कापसाच्या गंज्या लावायच्या जागेतली थोडी जमीन मोकळी करून, पाणी मारून, ठोकून मैदान केलं होतं. बाजूला वजनासाठी थांबलेल्या बंड्या होत्या. नंबर लागायला दिवस जायचा, म्हणून गाडीवान आपापल्या बंडीतल्या कापसावर चढून बसले होते. इतकी मऊ बैठक कुठल्या राजालाही मिळाली नसेल. बिड्या ओढायला मनाई, म्हणून तोंड मोकळं. आणि मोकळ्या तोंडाने ते आम्हाला पाहत होते. गुडघ्यापर्यंत विजारी घातलेल्या मुली त्यांनी आधी पाहिल्या नव्हत्या. पहिल्या सामन्यात ते आमच्या पायांवर बोलले. दुसऱ्यात खेळावर बोलायला लागले. त्याचा मला अजून अभिमान आहे.

दुसऱ्या सामन्यात मी एका चढाईत तिघींना मारून परत आले. वरून कोणीतरी ओरडलं, "अबे, थे पोट्टी नोये. पोट्टा हाय."

"पोट्टाच हाय. आवाज आयक ना."

"कपायावर कुकू नाई, हातात बांगडी नाई. पाह्यना."

हसू उसळलं. मीही हसले. मला ते कौतुक वाटलं, हे लिहून ठेवते. चांगलं खेळलं की पोरगा म्हणतात, हे आम्ही लहानपणापासून ऐकलं होतं. बाबासुद्धा म्हणायचे. त्या शब्दाला दात असतात हे तोवर माहीत नव्हतं.

अंतिम सामन्याच्या आधी आमच्याविरुद्धच्या संघाने तक्रार केली. अमरावतीच्या संघात मुलगा खेळतो आहे. स्पर्धेचे चिटणीस वकील होते, मूळचे पुण्याकडचे, फार सभ्य. सभ्य माणसांची मला तेव्हापासून धास्ती आहे. त्यांनी आमच्या नलूताईंना बाजूला घेतलं. नलूताई शाळेत कवायत शिकवायच्या, आम्हाला इथवर त्यांनीच आणलं होतं, घरोघर जाऊन आयांच्या विनवण्या करून. चिटणीस म्हणाले, "तपासणी वगैरे अशोभनीय प्रकार आम्हाला करायचे नाहीत. त्यापेक्षा घरगुती मार्ग काढू. आमच्या सौभाग्यवती दोन्ही संघांच्या मुलींना हळदीकुंकू लावतील. सगळ्या लोकांसमोर. पुरुषजातीचा कोणी असेल तर तो काही कुंकू लावून घ्यायचा नाही. आपोआप निकाल लागेल."

पाहा, किती साधा विचार. कोणाचं अंग उघडं करायला नको, कोणाला शब्द लावायला नको. एका बोटावर सगळं. मला खात्री आहे, त्या गृहस्थांना रात्री शांत झोप लागली असेल.

आम्हाला ओळीत उभं केलं. त्यांच्या सौभाग्यवती हिरवं लुगडं नेसून, तबक घेऊन आल्या. चेहरा मायाळू होता. एकेकीच्या कपाळाला बोट लावत, हसत पुढे सरकत होत्या. माझ्या शेजारी सुमन होती, आमची पकडीतली खेळाडू. तिला कुंकू लागलं. मग ते बोट माझ्यासमोर आलं आणि मी मान मागे घेतली.

ठरवून नाही. घरात पाच-सहा वर्षं जे बोट मी अर्ध्यातून वळताना पाहिलं होतं, त्याने माझी मान मागे ओढली. मायने बाजारात काय काय ऐकून घेतलं होतं. ते मी एका सामन्यासाठी पुसून टाकायचं?

बंड्यांवरून एकदम गलका झाला. "पायलं? पायलं का? म्या काय म्हनलो?"

नलूताई माझ्या कानाशी आल्या. "लावून घे ग. पहिल्या चढाईत घामाने जाईल. कोणाला कळणार आहे?"

"मले कळन ना," मी म्हटलं.

सुमन पुटपुटली, "तुया धर्मापायी आमी हारायचं काय व?" तिचंही चूक नव्हतं. तिच्या बापाने तिला याच सामन्यांपुरतं येऊ दिलं होतं, फाल्गुनात तिचं लग्न होतं. मी चिटणिसांना सांगितलं की आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात कुंकू लावत नाहीत. ते हसले. "मुली, तुमच्या लोकांतल्या पुष्कळ बायका लावतात. मी पाहतो की." म्हणजे माझ्या नकाराचं कारणही त्यांनीच ठरवून टाकलं होतं. कुंकू लावलं तर मी मुलगी होणार होते आणि घरची राहणार नव्हते. नाही लावलं तर घरची राहणार होते आणि मुलगी नव्हते. मधली रेषा कुठेच नव्हती, जिथे हात टेकवून सुटता येतं.

मग जे अशोभनीय होतं तेच झालं. जिनच्या आवारात सरकी साठवायची एक कोठी होती. कामगारांच्या वस्तीतून सुईणीला बोलावून आणलं आणि मला तिच्याबरोबर आत पाठवलं. दार लोटलं गेलं.

आता जे सांगते ते मला त्या कोठीत पहिल्यांदा सुचलं. अपमान नंतर आला. आधी भीती आली. आत पाय ठेवताच मनात आलं, ही बाई पाहील आणि म्हणेल, नाही. मायचं "येईन" आठवलं. न आलेले ते दिवस आठवले. खांदे आठवले. इतके दिवस ज्याचा आनंद मानला, त्या एकेका गोष्टीने माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला सुरुवात केली. बाहेरच्या लोकांना जो संशय होता तो मी सोबत आत घेऊन आले होते. सरकीचा ढीग छतापर्यंत होता, वर एक जाळीची खिडकी, आणि त्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात रुई वरखाली होत होती. मी विजारीच्या नाडीला हात घातला.

सुईण म्हणाली, "राहू दे. बस."

ती सरकीच्या पोत्यावर टेकली. कनवटीची चंची काढली, सुपारी कातरली, पान जमवलं. मी उभीच.

"बस म्हनतो ना. जराक वेळ बसलो म्हंजे बाहीर खरं वाटते."

"पाह्यत नाई तुमी?" मी विचारलं.

"काय पाह्याचं त्याच्यात? पोरगीच तं हायेस."

"कशावरून?"

तिने पान गालात सरकवलं. "पोट्ट्याले असं कोंडलं असतं तं त्यानं माय-बहीण काढली असती. दारावर लाथा घातल्या असत्या. तू गप हायेस. गप राह्यते ते पोरगी."

त्या बाईने माझ्यावर दया केली. तिच्याकडे तेवढीच होती, तेवढी सगळी दिली. पण मला त्या क्षणी दया नको होती. मला उत्तर हवं होतं. पाहा, एकदा पाहा आणि सांगून टाका, असं ओठांवर आलेलं मी गिळलं. आणि गप राहिले, म्हणजे तिचं म्हणणं खरंच केलं.

तिने दार उघडून मोठ्याने सांगितलं, "पोरगी हाय. म्या पायलं."

टाळ्या पडल्या. बंड्यांवरच्या लोकांनी फेटे उडवले. ज्यांनी पोट्टा म्हटलं होतं तेच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते. चिटणिसांच्या सौभाग्यवतींनी मला जवळ घेतलं. सगळ्या मैदानाला आता ठाऊक होतं मी कोण आहे ते. ठाऊक नव्हतं ते एकट्या मला.

अंतिम सामना झाला. माझी चढाई आली. मी रेषा ओलांडली, कबड्डी कबड्डी सुरू केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज मला ऐकू आला. जाड, खरखरीत, आवारभर घुमणारा. हा कोणाचा, असं मनात आलं. मी तो बारीक करायला गेले. बारीक आवाजात दम टिकत नाही, घसा आवळला जातो. समोरच्यांनी मला धरलंही नव्हतं. मधल्या मैदानात, सगळ्यांच्या देखत, माझा दम तुटला.

आम्ही हरलो. बंड्यांवर कोणीतरी समाधानाने म्हणालं, "पोट्टीच हाय बापा. दम नाई टिकला."

तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. सुईणीच्या शब्दाने पटली नव्हती तेवढी. जिंकले असते तर पुन्हा पोट्टा झाले असते. हरले म्हणून मुलगी ठरले. माझा राग त्या गाडीवानांवर नाही. तो त्या सोयीवर आहे. बाईपणाचा दाखला हवा असेल तर हरून दाखवा, ही सोय. ती त्यांनी केली नाही. त्यांनी फक्त मोठ्याने बोलून दाखवली.

घरी आल्यावर मायला मी एवढंच सांगितलं की कुंकू लावून घेतलं नाही. ती चुलीपाशी होती. रेचे धडधडत होते. मग म्हणाली, "लावलं असतं तं म्या काई म्हनलं नसतं." आणि माझ्या डोक्यावरची रुई एकेक वेचत बसली. इतके आखूड केस, त्यांतून काय वेचायचं होतं तिला, देव जाणे. आमच्या घरात देवाचं नाव घेत नाहीत, पण तोंडात येतं.

पुढच्या वर्षीपासून मुलींच्या सामन्यांआधी हळदीकुंकू होऊ लागलं. कारण कोणी सांगत नाही. आता तर बत्तासे वाटतात, गजरे देतात. बायका म्हणतात, काय सुंदर प्रथा आहे. मान मागे घेणारी मुलगी दिसली की मात्र पंच एकमेकांकडे पाहतात. म्हणजे ती कोठी अजून उघडीच आहे, फक्त बाहेर रांगोळी काढली आहे.

मी मात्र त्या दिवसापासून गप राहिले नाही. सभेत बोलते, मोर्चात बोलते, पत्रकं काढते, शिव्याही देते. सुईणीच्या हिशेबाने मी आता कोण, हे तिला विचारायला हवं होतं. आणि पुढे माझं काय झालं, माय म्हणायची ते आलं की नाही, हे वाचणाऱ्याला विचारावंसं वाटत असेल. मी ते सांगणार नाही. जी उत्सुकता तुम्हाला आत्ता झाली, तीच त्या बंड्यांवर बसली होती, मऊ कापसावर, मोकळ्या तोंडाने.

पण एक गोष्ट मीही इतकी वर्षं सांगितली नव्हती. व्यासपीठावरून मी नेहमी म्हणते, आमच्या मुलींना खोलीत नेऊन तपासतात. मलाही एका सुईणीबरोबर कोंडलं होतं, हेही सांगते. माझ्या बाबतीत कोणी तपासलं नाही, हे म्हणत नाही. म्हटलं तर लोक विचारतील, मग खात्री कशी झाली? आणि पुन्हा दार लोटलं जाईल. टाळ्या मिळवून दिलेल्या एका खोट्याच्या आत मी राहते. त्याला खिडकी आहे, वर, जाळीची.

पत्रकं घेऊन संध्याकाळी मैदानावर गेले. आमच्या अकोल्याच्या संघात शेवंता आहे, दर्यापूरकडची, वसतिगृहात राहून शिकते. उंच, रुंद, कपाळ कोरं. तिच्यासारखी चढाई या भागात कोणाची नाही. रविवारी तिला खेळवणार की कोठी दाखवणार, एवढाच आता प्रश्न आहे, आणि माझ्याकडे त्याला उत्तर म्हणून चार ओळी आहेत.

तिने पत्रक वाचलं. चिकटलेली रुई बोटाने चाचपली. "ताई, आपुन हळदीकुंकवाले नाई गेलो तं ते खेयू देतीन काय?"

"भांडू."

"अन् नाईच देल्लं तं?"

ती चढाईच्या रेषेपाशी गेली, श्वास घेतला, आणि अर्ध्यात थांबून वळली. सहज विचारावं तसं विचारलं, "माया आवाज लय जाड येते का व?"

कोणी तिला अजून काही म्हटलं नव्हतं. कोठी नाही, सुईण नाही, गाडीवान नाहीत. नुसता हंगाम आला होता, आणि ती स्वतःला ऐकायला लागली होती.

"तुमाले तं पायलं होतं ना त्या बाईनं?" ती म्हणाली. "तुमची तं खातरी झाली."

मैदानामागच्या जिनचे रेचे चालू होते. मी म्हटलं, "नाई पायलं."

"म्हंजे?"

"पायलंच नाई तिनं. पान खात बसली."

शेवंता माझ्याकडे पाहत राहिली. माझे खांदे, माझे केस, माझं कपाळ. मला माहीत होतं ती काय शोधते आहे. शोधू दिलं.

"मंग?" तिने विचारलं.

"मंग काय. चढाईवर जा."

ती रेषेवर उभी राहिली. तिने दम भरला आणि रेषा ओलांडली. आवाज जाडच होता. रेच्यांच्या वर ऐकू येत होता.